समीकरणं मोजणं बंद करा!

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर "एवढं काय झालं रे?" असं विचारायला नको.

झालं असं की गेल्या शनिवारी सकाळी माझा मामेभाऊ घरी आला. वय चोवीस, पहिलीच नोकरी आणि डोक्यात एमबीए. जीमॅटची तयारी चालू आहे. क्लासची फी ऐकून आमच्या मातोश्री पोह्यांची डिश हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. असो. तर या पठ्ठ्याने क्लासच्या नोट्स माझ्यासमोर टाकल्या आणि म्हणाला, "दादा, डेटा सफिशियन्सी सोडून सगळं जमतंय." नोट्स उघडल्या. अंकगणिती श्रेढीच्या पानावर लाल चौकटीत, अधोरेखित करून, एक महामंत्र लिहिला होता:

"दोन अज्ञात असतील तर दोन समीकरणं लागतात. एका विधानातून एकच समीकरण निघत असेल, तर विचार न करता सी."

'विचार न करता' हे शब्द माझे नाहीत. त्या चौकटीतलेच आहेत.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डेटा सफिशियन्सीमध्ये एक प्रश्न असतो आणि त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं! उत्तर काढायला ही माहिती पुरते का, एवढंच सांगायचं. पर्याय कायम तेच पाच. ए: पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरत नाही. बी: त्याच्या उलट. सी: एकेकटं पुरत नाही, पण दोन्ही मिळून पुरतं. डी: दोन्हींपैकी कुठलंही एकटं पुरतं. ई: दोन्ही मिळूनही पुरत नाही. पूर्वी हे प्रश्न क्वांटमध्ये असायचे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं नवं रूप आलं, तेव्हापासून ते डेटा इनसाइट्स नावाच्या विभागात गेले. तिथे २० प्रश्नांना ४५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटं. मंत्रांची दुकानं चालतात ती या सव्वादोन मिनिटांच्या भीतीवर.

मी त्याला एक साधा प्रश्न घातला.

एका अंकगणिती श्रेढीच्या पहिल्या नऊ पदांची बेरीज किती?
(१) पाचवं पद १२ आहे.
(२) पहिलं पद ४ आहे.

चार सेकंदांत उत्तर: "सी. पहिलं पद आणि फरक, दोन अज्ञात. पहिल्या विधानातून एक समीकरण, दुसऱ्यातून एक. संपलं."

चूक. उत्तर ए आहे.

दहावीच्या बीजगणितातली श्रेढी आठवा. पहिलं पद 'प' आणि सामान्य फरक 'फ' म्हणू. पाचवं पद म्हणजे प + ४फ. पहिल्या नऊ पदांची बेरीज म्हणजे ९प + ३६फ. आता या दोघांकडे नीट बघा. बेरीज म्हणजे पाचव्या पदाची नऊपट, दुसरं काही नाही. पाचवं पद १२, तर बेरीज १०८. 'प' किती आणि 'फ' किती, हे आपल्याला कळलेलं नाही, कळणारही नाही, आणि कळायची गरजही नाही.

विश्वास बसत नसेल तर दोन श्रेढ्या घेऊन बघा. ४, ६, ८, १०, १२, १४, १६, १८, २०: बेरीज १०८. आणि १२, १२, १२... असं नऊ वेळा: बेरीज १०८. (हो, फरक शून्य असला तरी ती अंकगणिती श्रेढीच असते. हे विसरणाऱ्यांना परीक्षा घेणारे अगदी प्रेमाने पकडतात.)

आपल्या लोकांना हे केव्हापासून माहीत होतं बघा. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) श्रेढीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पहिल्या पदाला नाव आहे, फरकाला 'चय' असं नाव आहे, आणि मधल्या किमतीलाही वेगळं नाव आहे: मध्यधन. सगळ्या पदांची बेरीज काढायची तर मध्यधनाला पदांच्या संख्येने गुणायचं. पदांची संख्या सम असली की बरोबर मधोमध पद सापडत नाही, पण मध्यधन तरीही असतं, कारण ते म्हणजे सरासरीच. पुढे आपण शाळेत लांबलचक सूत्र पाठ केलं आणि मध्यधन विसरलो. ते डोक्यात असतं तर वरचा प्रश्न पेन न उचलता सुटला असता.

"दादा, हा अपवाद आहे," इति मामेभाऊ. ठीक आहे. मग दुसरा घे.

एका अंकगणिती श्रेढीचं दहावं पद किती?
(१) तिसऱ्या आणि सातव्या पदाची बेरीज २० आहे.
(२) पहिल्या नऊ पदांची बेरीज ९० आहे.

"आता मात्र नक्की सी. दोन समीकरणं आहेत!"

आहेत ना. पहिलं समीकरण २प + ८फ = २०. दुसरं ९प + ३६फ = ९०. पहिल्याला दोनाने भागा, दुसऱ्याला नवाने. दोन्हींतून निघतं एकच: प + ४फ = १०. एकाच माणसाने शर्ट बदलून दोनदा मत दिलं, म्हणून दोन मतं मोजायची का? १०, १०, १०... ही श्रेढी दोन्ही विधानांत बसते, तिचं दहावं पद १०. आणि २, ४, ६, ८, १०... हीसुद्धा दोन्हींत बसते, तिचं दहावं पद २०. उत्तर ई.

म्हणजे मंत्र एकदा कमी माहितीत फसला आणि एकदा जास्त माहितीत. अजून एक बघा.

पाच पदांची वाढती अंकगणिती श्रेढी आहे, सगळी पदं धन पूर्णांक आहेत. पहिलं पद किती?
(१) पाचही पदांची बेरीज १५ आहे.
(२) शेवटचं पद ५ आहे.

दोन अज्ञात, प्रत्येक विधानात एकच समीकरण. मंत्र म्हणतो सी. पण 'वाढती' आणि 'धन पूर्णांक' हे शब्द काय शोभेला ठेवलेत? फरक किमान १ असलाच पाहिजे. बेरीज १५ म्हणजे मधलं पद ३. फरक २ घेतला तर पहिलं पद उणे १ येतं, ते चालत नाही. म्हणून फरक १ आणि पहिलं पद १. दुसऱ्या विधानाचंही तेच: शेवटचं पद ५, फरक १ घेतला तर पहिलं पद १, फरक २ घेतला तर उणे ३. उत्तर डी.

आणि हा शेवटचा, मंत्राच्या शवपेटीवरचा खिळा. श्रेढीचं पहिलं पद २०, फरक उणे २. किती पदं घेतली म्हणजे बेरीज १०८ होईल? एकच अज्ञात, एकच समीकरण. झालं ना? नाही झालं. ९ पदं घेतली तरी १०८ आणि १२ घेतली तरी १०८, कारण दहावं, अकरावं आणि बारावं पद म्हणजे २, ० आणि उणे २. तिघं मिळून शून्य.

आता माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. अज्ञात मोजून आणि समीकरणं मोजून माहिती पुरेशी आहे की नाही हे ठरत नाही. ते ठरतं तीन गोष्टींवर: नेमकं काय विचारलंय, विधानं एकमेकांपेक्षा खरोखर वेगळं काही सांगतात का, आणि बाजूच्या अटी कुठल्या आहेत. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मॅट्रिक्सची रँक काढलीये. ती कशासाठी काढायची हे तेव्हा कुणी सांगितलं नाही (किंवा सांगितलं असेल, मी कॅन्टीनमध्ये असेन). रँक म्हणजे दुसरं काय? दहा ओळी लिहिल्यात, त्यातल्या खरोखर वेगळ्या किती, एवढंच.

यावर क्लासवाल्यांची बाजूही ऐकून घेऊ. मामेभावाने ती त्यांच्यापेक्षा जोरात मांडली. "दादा, वेळ नसतो. सोप्या प्रश्नांत हा नियम चालतो. सगळंच तपासत बसलो तर शेवटचे पाच प्रश्न राहतील."

सोप्या प्रश्नांत चालतो, मान्य. विधान एकमध्ये दुसरं पद ७ आणि विधान दोनमध्ये पाचवं पद १६ दिलं आणि विसावं पद विचारलं, तर उत्तर सीच आहे. पण जीमॅट ही अ‍ॅडॅप्टिव्ह परीक्षा आहे. तुम्ही बरोबर उत्तरं देत गेलात की प्रश्न अवघड होत जातात. आणि प्रश्न काढणाऱ्याला तुमचा मंत्र माहीत नसेल असं वाटतं का? त्याला तो तुमच्या आधीपासून माहीत आहे. 'सी वाटतंय पण सी नाही' असे प्रश्न तो मुद्दाम काढतो. म्हणजे मंत्र बरोबर तिथेच दगा देतो जिथे मार्क ठरतात. यासाठी पैसे मोजायचे?

शिवाय वेळेचा मुद्दा उलटा आहे. नऊ पदांच्या बेरजेच्या प्रश्नात मंत्रवाला दोन समीकरणं मांडतो. मध्यधन बघणाऱ्याचं काम एका नजरेत होतं. विचार करायला वेळ लागतो हा आपला गैरसमज आहे. वेळ खरा जातो तो नको असलेली आकडेमोड करण्यात.

पण खरं सांगू? क्लासवर चिडून काय उपयोग. तो मंत्र विकला जातो कारण तो आपल्या हाडात आधीच बसलेला आहे. दहावीपर्यंतची गणितं आठवा. दिलेली प्रत्येक संख्या वापरायचीच असायची. एखादी उरली तर आपलंच काहीतरी चुकलं. आणि माहिती कमी पडली तर? तसं कधी व्हायचंच नाही! पेपरात "माहिती अपुरी आहे" असं कुणी लिहिलं असतं तर सरांनी शून्य दिलं असतं, वर वर्गात वाचून दाखवलं असतं. 'उत्तर काढता येत नाही' हेसुद्धा उत्तर असू शकतं, ही शक्यताच आपल्याला कुणी दाखवली नाही. डेटा सफिशियन्सीबद्दल माझं प्रेम आहे ते याचसाठी. ई हा पर्याय तिथे बाकी चार पर्यायांच्या पंगतीत, तेवढ्याच मानाने बसलेला असतो.

आता मी एवढा का चिडलो ते सांगतो. कारण हीच चूक मी केलीये. परीक्षेत नाही, ऑफिसात.

आधी एक छोटा प्रश्न. एका क्रमिकेची पहिली तीन पदं ३, ५, ७ आहेत. चौथं पद किती? तुम्ही मनात ९ म्हणालात. मूळ संख्यांची क्रमिका असेल तर? ३, ५, ७, ११. ही अंकगणिती श्रेढी आहे असं मी कुठे म्हणालो? डेटा सफिशियन्सीत हा सापळा फार जुना आहे: प्रश्नात नुसतं 'क्रमिका' लिहितात आणि आपण डोक्यात 'श्रेढी' वाचतो. पहिल्या तीन पदांतला फरक सारखा दिसला म्हणून पुढचाही तसाच राहील, असं ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीन प्रोजेक्ट, नवीन टीम. पहिल्या तीन स्प्रिंटमध्ये आमचे पॉइंट झाले १८, २२, २६. मॅनेजरने विचारलं, साधारण ३५० पॉइंटचं काम आहे, कधी संपेल? मी एक्सेल उघडलं, तीन सेल सिलेक्ट केले आणि कोपरा धरून खाली ओढला. एक्सेलने बिनबोभाट ३०, ३४, ३८ असं भरून दिलं. दहाव्या स्प्रिंटपर्यंतची बेरीज आली ३६०. मी छाती पुढे काढून सांगितलं, दहा स्प्रिंट. तीच तारीख क्लायंटला गेली.

त्या एक्सेलमध्ये दहाव्या स्प्रिंटसमोर ५४ हा आकडा होता. पहिल्या स्प्रिंटच्या बरोबर तिप्पट! तीच माणसं, तेच तास, आणि काम तिप्पट. मी तो आकडा पाहिला होता, पण त्याच्याकडे बघितलं नाही. पहिल्या तीन स्प्रिंटमध्ये वेग वाढला तो नवीन पोरं काम शिकत होती म्हणून. शिकून झालं आणि वेग २४-२५ वर थांबला. थांबणारच होता. दहा स्प्रिंटनंतर बेरीज झाली २३८.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही याच धंद्यात आहात. शनिवार-रविवार गेले, रात्री गेल्या. टीममधल्या एका ज्युनियर मुलीने दिवाळीची गावाकडची तिकिटं रद्द केली. त्याच वर्षी तिच्या अप्रेझलमध्ये 'डिलिव्हरीचा वेग अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा आला. अपेक्षा कुणाची? माझ्या एक्सेलची. मी नंतर मॅनेजरला सांगितलं की अंदाज माझा चुकला होता. त्याने मान डोलावली. शेरा बदलला नाही. तिने सहा महिन्यांनी नोकरी सोडली. मला ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्या दिवशी मॅनेजरच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर ई होतं. "तीन स्प्रिंटचे आकडे पुरेसे नाहीत. वेग असाच वाढत राहील असं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. अजून तीन स्प्रिंट होऊ द्या, मग सांगतो." तीन वाक्यं. ती मी बोललो नाही, कारण उत्तर काढता येत नाही म्हणणं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं, हे दहावीपासून अंगात मुरलेलं.

म्हणून मामेभावाच्या नोट्समधली ती लाल चौकट मी खोडली (पेनने. त्याला विचारून) आणि खाली चार ओळी लिहून दिल्या. तुमच्यापैकी कुणी तयारी करत असेल तर घ्या:

एक, 'अंकगणिती श्रेढी' असं खरंच लिहिलंय का ते वाच. नसेल तर गृहीत धरू नकोस.

दोन, जे विचारलंय ते आधी प आणि फ मध्ये लिही. प आणि फ शोधायच्या मागे लागू नकोस. विधानातून आलेली गोष्ट हीच विचारलेल्या गोष्टीचा पट आहे का, ते बघ.

तीन, विधानं पुरत नाहीत असं वाटलं तर ती पाळणाऱ्या दोन वेगळ्या श्रेढ्या शोध. उत्तरं वेगळी आली तर विषय संपला. यातली एक शून्य फरकाची घेऊन बघ, ती सगळ्यात स्वस्त पडते.

चार, पूर्णांक, धन, वाढती असले शब्द पेन्सिलीने गोल कर. तेही माहितीच असतात.

मग त्याला पहिलाच प्रश्न पुन्हा घातला, फक्त दुसरं विधान बदलून: दुसऱ्या आणि आठव्या पदाची बेरीज २४ आहे. या वेळी चार सेकंदांत उत्तर आलं नाही. पोह्यांवरचं खोबरं चिवडत तो जवळजवळ मिनिटभर गप्प बसला. मग म्हणाला, "दुसरं आणि आठवं... मधोमध पाचवंच की. म्हणजे तेही १२. दादा, डी?"

डी.

एक मिनिट लागलं, पण ते त्याचं स्वतःचं होतं. क्लासची फी गेली ती गेली. पण उद्या हा पोरगा एमबीए होऊन कुणाचा तरी मॅनेजर होणार आहे. त्याच्यासमोर तीन आकडे येतील आणि कुणीतरी त्याला तारीख विचारेल. तेव्हा त्याला ई म्हणता यावं, एवढीच इच्छा.

असो. चहा गार झाला. सोमवारी स्प्रिंट प्लॅनिंग आहे, आणि एक्सेलचा तो कोपरा ओढायचा मोह मला अजूनही होतो, हे तुमच्यापाशी कबूल करतो.